चौथ्या भांड्याचा आवाज

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्याने लाकडी मुठीची सळई चौथ्या भांड्याच्या पोटाला टेकवली, मूठ कानामागच्या हाडावर दाबली, डोळे मिटले, आणि जे ऐकू यायला हवं होतं ते आलं नाही. बाकी सगळं आलं. वरच्या मोटरची घरघर आली, गिअरबॉक्सची करकर आली, मळी सोडणाऱ्या पंपाची ठकठक आली, तळाशी पोट बिघडल्यासारखं काहीतरी गुडगुडत होतं तेही आलं. फक्त या सगळ्याच्या वर, तापल्या तव्यावर कुणी न थांबता पाण्याचे थेंब शिंपडत राहावं तसा एक बारीक आवाज चौथ्या भांड्यात कायम असायचा, तो नव्हता. त्याने सळई काढली, मूठ शर्टाला पुसली, पुन्हा लावली. मग दुसऱ्या कानाला लावली. मग तिसऱ्या भांड्याकडे गेला. तिसऱ्याचा आवाज आला, पण तिसरं आणि त्याच्या अलीकडची दोन्ही भांडी जुन्या घडणीची, त्यांचा आवाज मुळातच जाड, घोंगड्यासारखा. बारीक आवाज फक्त चौथ्याचा. तो पुन्हा चौथ्यापाशी येऊन उभा राहिला. भिंतीवरच्या दोरीला बांधलेली नोंदवही त्याने उघडली, वेळ लिहिली, आणि समोर लिहिलं, ठीक.

यीस्टच्या कारखान्यात तेवीस वर्षं काढलेला फिटर होता तो. पाव फुगवणारं यीस्ट या चार दुमजली भांड्यांत वाढायचं. उसाच्या मळीचं पाणी त्याचं अन्न, आणि अन्नाइतकीच त्याला हवा लागते. हवा तळाच्या नळीतून आत येते, पण नुसती आत येऊन भागत नाही. वरून लांब दांडा आत सोडलेला असतो, त्याच्या टोकाला फिरकी, फिरकीला वाट्यांसारखी पाती, आणि ती पाती हवेचे इतके बारीक तुकडे करतात की पाणी दुधासारखं दिसायला लागतं. पहिल्या वर्षी त्याला हे समजावताना म्हाताऱ्या फोरमनने सांगितलं होतं, मोठा बुडबुडा सरळ वर जातो, वाटेत कुणाशी बोलत नाही. बारीक बुडबुडा रेंगाळतो, सगळ्यांच्या घरी डोकावून येतो. यीस्टला श्वास देतो तो बारीकच. त्याच फोरमनने आपली सळई त्याच्या हातात दिली आणि त्याचं नाव कानसेन ठेवलं. आधी थट्टेत, मग कौतुकाने, मग सगळे तेच म्हणायला लागले, आणि पगारपत्रकावरचं खरं नाव ऐकून वळून बघायला त्याला क्षणभर उशीर व्हायला लागला. दांड्याचं बेअरिंग आठवडाभर आधी सांगणारा, पात्याला पडलेली चीर बंद भांड्याबाहेरून ओळखणारा कानसेन. त्याच्याकडे दुसरं फारसं काही नव्हतं. शिक्षण बेताचं, हात बरे पण जगावेगळे नाहीत, गुडघे तर गेलेच होते, वरच्या मजल्यावर मोटरपाशी जायचं तो आताशा टाळायचाच. होता तो एक कान.

चहाच्या टपरीसारखी एक पत्र्याची जागा कॉम्प्रेसरच्या खोलीला लागून होती. तिथे दहा वाजता वायरमन त्याच्या शेजारी येऊन बसला. कानसेन आठ दिवसांच्या रजेनंतर आला होता, सर्दीने कान दडले होते, तापही होता, आणि खरं म्हणजे रजेचं कारण सर्दीपेक्षा जास्त होतं, पण ते पुढे. वायरमनने विचारपूस केली. मग कॉम्प्रेसर सुरू झाला. वायरमन हातवारे करत काहीतरी सांगत होता, एकदा वर बोट दाखवलं, एकदा बोटाने हवेत गोल काढला, शेवटी भुवया उंचावून त्याच्याकडे बघत राहिला, म्हणजे काहीतरी विचारलं होतं. दुसरा कुठला दिवस असता तर तो ओरडला असता की काय म्हणतोस ते जवळ येऊन बोल. आज नाही. आज त्याला ते वाक्य तोंडातून काढायची भीती वाटली. त्याने हसून मान हलवली. वायरमनचं समाधान झालं, त्याने कप पालथा घातला आणि गेला. आणि तो तिथेच बसून राहिला, कारण आत्ता हसताना त्याला आपल्या चेहऱ्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी हसू जाणवलं होतं.

ते हसू त्याच्या वडिलांचं होतं. वडील बॉयलरच्या कारखान्यात पत्रे जोडणाऱ्या रिबिटा ठोकायचे, लोखंडी पिंपाच्या आत बसून, बाहेरून दुसरा घण घालायचा. चाळिशी उलटल्यावर त्यांचे कान जायला लागले. आधी बारीक आवाज गेले. चिमण्या गेल्या, घड्याळाची टिकटिक गेली, मग लहान मुलांचं बोलणं, मग बायकांचं. जाड आवाज बरीच वर्षं टिकले, म्हणून लवकर कुणाला कळलं नाही. वडिलांनीही कळू दिलं नाही. जेवायला बसल्यावर कुणी काही बोललं की ते सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि सगळे हसले की हसायचे. अर्ध्या क्षणाने उशिरा. तो उशीर लहानपणी त्याला सहन व्हायचा नाही. तो मुद्दाम न हसण्यासारखं काहीतरी सांगून शेवटी हसायचा, आणि वडील हसायचे. हे त्याने दोनदा केलं होतं, तिसऱ्यांदा आईने बघितलं आणि ती ताट घेऊन उठून गेली. पुढे आई वडिलांशी बोलेनाशीच झाली, भांडण वगैरे काही नाही, फक्त गरजेपुरतं, भाजी संपली, पाहुणे आलेत एवढंच. वडील खिडकीशी खुर्चीत बसून हो हो म्हणत म्हातारे झाले. मेले तेव्हा घरातला आवाज काही फारसा कमी झाला नाही. त्याला हे आठवलं की आजही कानाच्या पाळ्या गरम होत.

आता रजेचं कारण. दहा दिवसांपूर्वी त्याने दुसऱ्या भांड्यात काहीतरी घासतंय असं ऐकलं होतं. खात्रीने ऐकलं होतं. प्लँट सांभाळणाऱ्या मॅडमना जाऊन सांगितलं, भांडं बंद करा, फिरकी तळाला लागतेय. मॅडम वयाने त्याच्या लेकीसारख्या, हुशार, शब्दाला जपणाऱ्या. त्यांनी एका शब्दाने प्रश्न न करता भांडं थांबवलं. बारा तास वाढवलेली अख्खी बॅच गटारात गेली, झाकण उघडलं, दोघेजण आत उतरले, आणि आत काही नव्हतं. फिरकी जागेवर, तळ गुळगुळीत. मॅडम काही बोलल्या नाहीत. बाकीचे बोलले. कुणी म्हणालं कानसेनच्या कानात बेडूक शिरला, कुणी म्हणालं आता कानाला ऑइलिंग करा. तो हसला, आणि घरी जाऊन आजारी पडला. आजारपण खरंच होतं, पण त्याला ते बरंही वाटलं. रजेत त्याने घरच्या घरी नाना परीक्षा घेतल्या. नळ ठिबकतो का, मांजर येतं ते कळतं का. सर्दीने अर्धे आवाज कापसात गुंडाळल्यासारखे येत, आणि हे सर्दीमुळेच का, हा प्रश्न रोज सकाळी त्याच्या आधी उठून बसलेला असे.

अशा माणसाला सोमवारी चौथ्याचा बारीक आवाज ऐकू आला नाही, तर तो दुसरं काय समजणार. भीतीने आधीच जागा झाडून ठेवली होती, आवाज न आल्याबरोबर ती तिथे ऐसपैस बसली. भांडं बिघडलं असेल ही शंका त्याला आली नाही असं नाही. मंगळवारी तो कंट्रोल रूममध्ये डोकावला. पडद्यावर चौथ्या भांड्यातल्या ऑक्सिजनचा आकडा होता तिथेच होता. त्याच्या खाली हवेची झडप किती उघडी आहे ते दिसत होतं, तिकडे त्याने बघितलं नाही. त्याला आकडाच बघायचा होता आणि आकड्याने त्याला सांगितलं, भांडं ठीक आहे, तूच बिघडलास. काचेच्या खिडकीतून आत बघावं तर काचेवर फेस चिकटलेला. मग तो दिवसातून तीनदा सळई लावायचा, डोळे मिटायचा, तळाची गुडगुड ऐकायचा, आणि वहीत लिहायचा, ठीक. बुधवारपर्यंत असे नऊ ठीक झाले. खोटं लिहितोय हे त्याला कळत होतं. आयुष्यात त्याने वहीत कधी खोटं लिहिलं नव्हतं, आणि हे इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

घरीही तेच. मंगळवारी संध्याकाळी बायको स्वयंपाकघरातून काहीतरी बोलत होती, पंखा डोक्यावर खडखडत होता, तिचं बोलणं अर्धं येत होतं अर्धं नाही. शेवटी आवाज चढला, म्हणजे विचारलं होतं. तो म्हणाला, हं, चालेल. ती दारात येऊन त्याच्याकडे बघून गेली. काय चालेल ते त्याला ठाऊक नव्हतं. अंथरुणावर पडल्यावर त्याने मोजायचा प्रयत्न केला की असं न ऐकता हं म्हणायला आपण कधीपासून लागलो. सर्दीच्या आधीपासून. दुसऱ्या भांड्याच्या आधीपासून. बहुतेक मागच्या वर्षीच्या तपासणीपासून, आणि त्या तपासणीची आठवण आली की तो कूस बदलायचा.

कारखान्याच्या सगळ्या कामगारांची वर्षातून एकदा कानांची तपासणी व्हायची. कान उतरले की माणसाला यंत्रांपासून उचलून सामानाच्या खोलीत नाहीतर फाटकावर बसवायचे. त्याच्या भल्यासाठीच, नियम चांगला होता. मागच्या वर्षी दवाखान्यातल्या त्या स्पंज लावलेल्या खोक्याएवढ्या खोलीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की तपासणारा माणूस दर आवाजाला खांदा किंचित हलवतो आणि तो खांदा समोरच्या काचेत दिसतो. पहिले आवाज त्याने ऐकून बटण दाबलं. पुढचे खांदा बघून. त्याला खांद्याची गरज होती का, हे त्याने स्वतःलाही कळू दिलं नाही. कागदावर शेरा उत्तम आला. त्या उत्तमनेच वर्षभर त्याला पोखरलं होतं. यंदाची तपासणी गुरुवारी होती.

गुरुवारी तो दवाखान्याचे जिने चढला तेव्हा परीक्षेला बसणाऱ्या पोरासारखे त्याचे तळहात ओले होते. खांदा हलवणारा माणूस बदलून गेला होता. आता एक बाई होत्या, चष्मा गळ्यात लटकवलेल्या, आणि त्यांचं टेबल काचेकडे पाठ करून मांडलेलं. त्याला क्षणभर पळून जावंसं वाटलं. मग एकदम थकवाच आला. असं किती दिवस खांदे बघणार, असं काहीतरी मनात येऊन गेलं. कानांवर आवाजाच्या वाट्या चढल्या, दार बंद झालं, आणि बाहेरचं जग निघून गेलं. आत त्याचंच रक्त वाहत होतं, त्याचाच श्वास. त्याने डोळे मिटले, जसे तो सळई लावल्यावर मिटायचा, आणि कुणीतरी आपली तपासणी करतंय हे विसरून हे एक पाचवं भांडं आहे असं समजून ऐकायला लागला. लांबून भोंगा आला, त्याने दाबलं. शिट्टी आली. मग तिच्याहून बारीक. मग कुठेतरी केसाएवढी सरसर, आहे की नाही अशी, पण होती, त्याची खात्री होती. त्याने दाबलं. एकदा बराच वेळ काहीच आलं नाही, आणि त्याने हात मांडीवर तसाच ठेवला, अंदाजाने दाबलं नाही. तेवढं न दाबायला त्याला फार जोर लावावा लागला.

बाहेर आल्यावर बाईंनी कागद त्याच्यापुढे सरकवला. वरच्या पट्टीतले दोन आवाज जरा उतरलेत, त्या म्हणाल्या, पन्नाशी उलटल्यावर सगळ्यांचेच उतरतात, गोंगाटात बोलणं पकडायला थोडा त्रास होईल, चष्मा लागतो तसं समजा. बाकी छान आहे. कारखान्यात इतकी वर्षं काढून इतके चांगले कान त्यांनी फार बघितले नव्हते. त्याला ते पटेना. त्याने विचारलं, अगदी बारीक, सतत येणारा, तापल्या तव्यावर थेंब पडतात तसा आवाज असतो, तो गेलाय का माझा. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, एक कानवाटी त्याच्या हातात दिली आणि बटण फिरवलं.

"हा का?"

त्याने ती कानाला लावली. चौथं भांडं तिथे, त्या दवाखान्यात, त्याच्या कानात भरून आलं.

"हाच," तो म्हणाला.

"मघाशी हा मी इतका हळू लावला होता की मला स्वतःला येत नव्हता. तुम्ही लगेच दाबलंत."

जिने उतरताना त्याला हसू फुटलं. एका वळणावर तर तो भिंतीला हात लावून एकटाच हसला, वर चढणारी एक बाई अंग चोरून गेली. कान होता. चार दिवस त्याने ज्याचं सुतक पाळलं तो जागच्या जागी धडधाकट होता. रस्त्यावर येऊन तो चालायला लागला, बसची घंटा ऐकली, कुणाच्या तरी किल्ल्या ऐकल्या, पायाखालची खडी ऐकली, आणि सगळं नवं घेतल्यासारखं बघत, नव्हे ऐकत, पुलापर्यंत आला आणि तिथे त्याचे पाय थांबले. कान आहे, तर मग आवाज नाही. आवाज नाही, तर बारीक बुडबुडे नाहीत. चार दिवस चौथ्या भांड्यातलं यीस्ट गुदमरतंय आणि आपण नऊ वेळा ठीक लिहिलं, आज सकाळचं धरून दहा. त्याला घाम फुटला. आणि माणूस किती आपमतलबी असतो बघा, त्या घामातसुद्धा तळाशी कुठेतरी त्याला आनंदच होत होता की बिघडलंय ते भांडं.

फाटकापाशी पोचला तेव्हा त्याला वास आला. आंबूस वास या रस्त्याला रोजचाच, आत काम करणाऱ्यांचं नाक त्याला कधीच सरावलेलं. पण दोन तास दवाखान्याच्या फिनेलमध्ये काढून आलेल्या नाकाला त्या आंबूस वासाच्या खाली दुसरं काहीतरी लागलं, गोडसर, चढणारं. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला की त्याला तर दोन दिवसांपासून येतोय, त्याला वाटलं कुणीतरी घेऊन ड्युटीवर येतंय, म्हणून तो सगळ्यांची तोंडं हुंगत बसलाय. कानसेन तिथे थांबलाच नाही. यीस्टला पुरेशी हवा मिळाली तर ते वाढतं, हवा कमी पडली की वाढायचं सोडून दारू करत बसतं. हे फोरमनने त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

गुडघ्यांचं ऐकून न घेता तो चौथ्याच्या वर चढला. मोटर राखाडी रंगाने चकचकत होती. त्याला कळेना, ही मोटर हिरवी होती, आणि तिच्यावर त्याने स्वतःच्या हाताने लाल बाण काढला होता, उलटा, भांडं बसवलं त्या वर्षी. कारण चौथं भांडं दुसऱ्या कारागिरांकडून आलेलं, त्याच्या फिरकीच्या वाट्या बाकीच्यांच्या उलट बाजूला वळलेल्या. बाकी तिन्ही दांडे उजवीकडे फिरतात, चौथा डावीकडे. फोरमन त्याला डावखुरं म्हणायचा. फोरमन गेल्यावर हे माहीत असणारा कारखान्यात एकच माणूस उरला होता. दांडा इतक्या वेगाने फिरत होता की नुसत्या डोळ्याला दिशा कळत नव्हती. त्याने खिशातून दवाखान्याचा कागद काढला, कोपऱ्याची एक पट्टी फाडली, दोन बोटांत धरून हळूच दांड्याला लावली. पट्टी उडाली आणि उजवीकडे जाऊन पडली.

मॅडमच्या खोलीत त्याने चार दिवस आवाज आला नव्हता हे सांगितलं, आणि वायरमनला बोलावलं गेलं. त्याची चूक काढायची गरजच पडली नाही, तो आपणहून सांगायला लागला. कानसेन रजेवर असताना मोटर जळाली, सहा दिवस वाइंडिंगला होती, रविवारी येऊन बसवली, रंग मारून आली होती म्हणून बाण बुजलेला, मग तिसऱ्याचा बाण बघून तशी जोडली.

"आणि मी विचारलं होतं," वायरमन म्हणाला. रागाने नाही, जरा गोंधळूनच. "सोमवारी चहाला. म्हटलं तिसऱ्यासारखीच फिरवलीय, बरोबर ना, की बघता एकदा. तुम्ही मान हलवलीत."

तो गोल काढणारा हात त्याला आठवला, वर केलेलं बोट आठवलं, आणि आपलं हसू. त्या हसण्याने चार दिवस एक भांडं गुदमरलं होतं. त्याला खोलीतल्या फरशीखाली जावंसं वाटलं. मॅडमनी पडद्यावर मागचे आकडे काढले. बुडबुडे मोठे झाल्यावर आकडा उतरायला लागला, तो सावरायला यंत्राने हवा वाढवली, वाढवलेली हवा फिरकीला पेलेना म्हणून बुडबुडे आणखी मोठे झाले, आणि झडप उघडत उघडत शेवटाला येऊन टेकली होती. आकडा तेवढा कसाबसा जागेवर. तिकडे मॅडम तीन दिवसांपासून मळी पुरवणाऱ्याला कडक पत्रं लिहीत होत्या की तुमच्या मळीत खोट आहे, चौथ्यातलं यीस्ट कमी भरतंय. त्या पत्रांचं काय करायचं म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला, आणि मग त्याच्याकडे वळल्या.

"काका, तुम्हाला आवाज येत नव्हता. तरी दहा वेळा ठीक लिहिलंत."

"मला वाटलं माझा कान गेला."

"आणि खरंच गेला असता तर? मला कधी सांगणार होतात?"

खरं उत्तर होतं, कधीच नाही. वडिलांनी तरी कुणाला सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, आवाज येत नाही एवढंच लिहिलं असतंत तर मी दुसऱ्या कुणाला तरी ऐकायला पाठवलं असतं, त्यालाही आला नसता, आणि मंगळवारीच कळलं असतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत, त्यांनी फक्त हे इतकं साधं होतं हे दाखवलं, आणि ते इतकं साधं होतं याचंच त्याला रडू आलं. दोन वर्षं त्या मागे लागल्या होत्या की तुम्हाला जे जे ठाऊक आहे ते एका वहीत उतरवून द्या. दोन वर्षं तो उद्या उद्या करत होता. वहीत उतरलं की आपलं काय उरलं, असं त्याला वाटायचं. हे त्याने आता बोलून टाकलं, तसंच्या तसं, आणि मागच्या वर्षीचा खांदाही सांगून टाकला. वायरमन खाली बघत राहिला. मॅडमनी आजच्या तपासणीचा कागद मागितला, कोपरा फाटलेला बघून काही विचारलं नाही, वाचून परत दिला.

मग चौथं भांडं थांबवलं. दोन वायरी इकडच्या तिकडे करायला वायरमनला मिनिटभर पुरलं, त्या मिनिटात फेस खाली बसला आणि काच मोकळी झाली. दांडा अडखळला, आणि डावीकडे फिरायला लागला. काचेतून आधी नुसतं तपकिरी पाणी आणि वर धावणारे मोठे गोल बुडबुडे दिसले, मग त्यांच्या मधून धूर शिरावा तसं काहीतरी पांढरट आलं, पसरलं, आणि बघता बघता सगळं साय धरल्यासारखं झालं. बारीक हवा पाण्यात थांबून राहिली, भांड्याची पातळी वीतभर वर चढली. त्याने सळई लावली. मूठ हाडाला टेकायच्या आधीच त्याला कळलं, हाताला कळलं, पण त्याने मूठ दाबली, डोळे मिटले आणि तो आवाज नीट आत येऊ दिला. त्याचा जीव भांड्यात पडला. कंट्रोल रूममधून कुणीतरी ओरडून सांगितलं की झडप आपोआप मिटत चाललीय, निम्म्यावर आली. आजची बॅच निम्मी तरी हाती लागेल, असं मॅडम म्हणाल्या. दुसऱ्या भांड्यात त्या दिवशी काय घासलं होतं ते मात्र कधीच कळलं नाही, बहुतेक तो चुकलाच होता.

त्याने वायरमनला हाक मारली आणि सळई त्याच्या हातात दिली. वायरमन बिचकला. मूठ कुठे लावायची ते दाखवावं लागलं. काय येतंय, विचारल्यावर म्हणाला, मोटर येतेय.

"मोटर सोडून दे. आता गिअर सोड. पंप सोड. उरलं का काही?"

वायरमनने डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग त्याचं तोंड किंचित उघडं पडलं.

"हा होय?" तो म्हणाला.

"हा."

त्या दिवशी त्याने नोंदवहीतले दहा ठीक खोडले नाहीत, प्रत्येकाच्या शेजारी लहान अक्षरात लिहिलं की आवाज आला नव्हता. मॅडमनी दिलेली कोरी वही काखेत मारून तो घरी निघाला. पहिल्या पानावर पहिली ओळ त्याने निघतानाच लिहून टाकली होती, चौथं भांडं डावखुरं आहे. लिहिल्यावर काही कमी झाल्यासारखं वाटलं नाही. उलट सळई फोरमनने दिली तेव्हा होते तसे खांदे हलके होते.

घरी बायको माळ्यावरच्या गाद्या खाली काढत होती. त्याने विचारलं, हे काय. ती म्हणाली, ताई येतेय ना महिनाभर राहायला, तुम्हीच तर परवा चालेल म्हणालात. ही थोरली मेहुणी पहाटे पाचला उठून सगळ्या घराला उठवणारी, तिच्या आठ दिवसांच्या मुक्कामालाही त्याने आजवर कधी खुशीने होकार दिला नव्हता. तो गादीवरच बसला आणि पोट धरून हसायला लागला. बायको बघत राहिली. मग ती आत गेली, आतून काहीतरी बोलली, पंख्याच्या खडखडाटात त्यातलं एक अक्षर कळलं नाही, आणि शेवटी आवाज चढला. हं त्याच्या ओठांवर आलेला होता. तिथेच त्याने तो धरला.

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "परत सांग."

त्याच्या वडिलांनी हे वाक्य जन्मात उच्चारलं नव्हतं. आतला भांड्यांचा आवाज थांबला. बायको दारात आली, हात ओले, आणि त्याने तिला सांगितलं, वरचे दोन आवाज उतरलेत, गोंगाटात बोलणं निसटतं, वर्ष झालं असेल, मी नुसताच हं म्हणत होतो.

"मला वाटायचं तुम्हाला माझं ऐकायचंच नसतं," ती म्हणाली.

त्याला खिडकीतली खुर्ची आठवली, आणि ताट घेऊन उठलेली आई. आईलाही हेच वाटलं असेल, हे त्याच्या आज पहिल्यांदा मनात आलं. बायकोने पदराला हात पुसले, भिंतीपाशी जाऊन पंखा बंद केला, त्याच्या शेजारी गादीवर येऊन बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.